घसा मी बघतो

तन्वी आणि अर्णव,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तन्वीने मला तिचा गाण्याचा गृहपाठ दाखवला. पेल्यात पाणी, पाण्यात स्ट्रॉ, आणि स्ट्रॉमधून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. "आजी, याने आवाज दुखत नाही. आमच्या टीचरला माहीत आहे. तुमच्या इंडियात असं नसतं," असंही तिने मला बजावलं. मी हसले. तेवढ्यात मागे ओट्याशी भाजी चिरत उभी असलेली तुमची आई सुरी तशीच ठेवून खोलीबाहेर गेली. "आई का गेली?" अर्णवने विचारलं. "तिला गाणं आवडत नाही," तन्वी म्हणाली.

तसं नाही. तुमची आई नववीत होती तेव्हा तिचं गाणं ऐकायला इतर वर्गांचे शिक्षक आपला तास सोडून दाराशी येऊन उभे राहत. आणि तो बुडबुड्यांचा गृहपाठ तिनेही केलेला आहे, नेकनूरच्या शाळेत, स्ट्रॉऐवजी पपईच्या पानाच्या पोकळ देठाने. तो गृहपाठ देणाऱ्या माणसाचं नाव किसन गडदे. फेब्रुवारीत मी त्यांना भेटून आले, तेव्हा वाटलं होतं की आता तुमची आई, माझी शुभदा, निदान स्वतःशी गुणगुणायला तरी लागेल. रविवारी कळलं, नाही. म्हणून हे लिहिते आहे. अडतीस वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे मला क्रमाने सांगायची सवय आहे. मध्येच शेवट विचारू नका.

गडदे सर आमच्या हायस्कुलात संगीत शिकवत. मूळचे लिंबागणेशच्या पलीकडच्या डोंगरातल्या धनगरवस्तीवरचे. उंच, काटकुळे, चालताना जरा पुढे झुकलेले, मेंढरांमागे हिंडलेली माणसं चालतात तसे. शाळेची पेटी, म्हणजे हार्मोनियम, ते काळ्या घोंगडीत गुंडाळून ठेवत आणि तिला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. बोलणं इतकं हळू की स्टाफरूममध्ये ते काही सांगू लागले की कुणीतरी उठून पंखा बंद करी.

ते स्वतः गात नसत. सोळाव्या वर्षी, आवाज फुटत असताना, त्यांना जत्रा-जत्रांतून रोज गायला लावलं होतं. कौतुक करणारे पुष्कळ होते, थांबवणारं कुणी नव्हतं. आवाजाला मधोमध एक भेग पडली ती कायमची. दर वर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला ते मुलांसमोर 'सा' लावायचे. तो दोन क्षण टिकायचा आणि फाटायचा. "ऐकलं? असं होतंय. माझं झालंय. तुमचं मी होऊ देणार न्हाई." एवढं बोलून ते पेटीची घोंगडी सोडत. वर्षभरात पुन्हा त्यांचा गाता आवाज कुणी ऐकत नसे.

त्यांची विद्या दोन ठिकाणांहून आली होती. थोडी एका बुवांकडून, बाकीची बापाकडून. बाप मेंढरं राखायचा आणि या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या माणसाला हाळी द्यायचा. सत्तरीतही त्याचा घसा बसला नव्हता. "वरडणं येगळं आन् हाळी येगळी," सर मुलांना सांगत. "वरडणारा गळ्यानं ढकलतोय. हाळी देणारा पोटात वारं भरून घेतो आन् मग नुसतं सोडतो. सोडायला शिका."

हे शिकवायला ते मुलांना शाळेमागच्या मोकळ्या जागेत नेत, उताणं झोपवत आणि प्रत्येकाच्या पोटावर एक पाटी ठेवत. श्वास घेतला की पाटी वर आली पाहिजे. खांदा हलला की सरांच्या काठीचं टोक हळूच खांद्याला लागे. एकदा हेडसर तिकडून जात होते. तीस मुलं ओळीत उताणी पडलेली, कुणी हलत नाही. हेडसरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तिथूनच ओरडले, "गडदे! खिचडी खाल्ली का यांनी? आरं जीप बोलवा कुणीतरी!" तीसही पाट्या एकदम गडगडल्या. मुलं पोट धरून हसत सुटली. सर मात्र हेडसरांकडे गंभीरपणे पाहत म्हणाले, "सर, तुमी आता गळ्यानं वरडलात. दोन घोट पाणी प्या."

पाण्याचं त्यांना भारी वेड. खाकरायला सक्त मनाई. "खाकरू नका, गिळा. खाकरणं म्हणजे घशावर कानस." कुजबुजायलाही मनाई, ते तर त्याहून वाईट म्हणत. शाळेत दर महिन्याला कुणाची तरी आई मध, ज्येष्ठमध नाहीतर खडीसाखरेची पुडी घेऊन येई, पोराचा गळा गोड व्हावा म्हणून. सर ती पुडी घेत, सगळ्या वर्गाला वाटून टाकत, आणि त्या बाईला समजावून सांगत. "माय, घशात दोन वाटा हायत. एक अन्नाची, एक वाऱ्याची. मध जातो अन्नाच्या वाटेनं, आवाज निघतो वाऱ्याच्या. दोघांची भेटच होत न्हाई. पोराला झोप लई द्या, पाणी द्या, आन् घरात कुणी वरडू नका." शेवटच्या अटीवर बाई हमखास नवऱ्याच्या नावाने काहीतरी पुटपुटत निघून जाई.

आणि मुका सोमवार. संगीताच्या मुलांनी सोमवारी बोलायचं नाही. गळ्यात पाटी अडकवायची, काय हवं ते लिहून दाखवायचं. माझ्या इंग्रजीच्या तासाला या मुलांना प्रश्न विचारला की ती उत्तर लिहून पाटी वर धरत. माझी तक्रार नव्हती. सोमवारी त्यांचं स्पेलिंग तपासून होई.

आता टिकल्यांचं सांगते, कारण पुढे लागेल. प्रत्येक मुलाला सोसेल अशी एक पट्टी असते, म्हणजे पेटीवरची एक ठरावीक चावी, जिथून त्याचा 'सा' सुरू होतो. सर त्या चावीच्या कडेला टिकली चिकटवत, बायका कपाळाला लावतात तीच. हिरवी कुणाची, निळी कुणाची. तुमच्या आईची लाल, वरच्या बाजूच्या काळी पाच या चावीवर. मूल वाढलं, आवाज बदलला, तर टिकली हलायची, पण त्याआधी सर त्या मुलाला उभं करत आणि सगळ्यांसमोर सांगत, "याचा आवाज आता खाली उतरलाय. यात लाज न्हाई. याचं घर बदललं, बस." मग टिकली हलवत. वर्गात ती बातमी असायची. मुलं घरी जाऊन सांगत.

आणि कान. सर हजेरी घेत तेव्हा वहीत बघतच नसत. "हजर" ऐकलं की त्यांना सगळं कळायचं. "तू काल लग्नात नाचलास." "तुला रातच्याला झोप न्हाई." "तू रडून आलीस, बस खाली, आज गायचं न्हाई." एकदाही चुकलेले मला माहीत नाहीत. पोरं त्यांना घाबरत ती काठीमुळे नव्हे. तोंड उघडलं की आपण उघडे पडतो, हे त्यांना ठाऊक होतं.

या माणसावर माझा विश्वास का बसला, त्याचा एक प्रसंग सांगते. दत्ता नावाचा एक मुलगा होता, आष्टीकडचा, आजोळी राहून शिकायचा. आवाज असा की त्याच्या भजनाला बाया आपली कामं टाकून येत. आठवीत त्याचा आवाज फुटायला लागला आणि सरांनी त्याला सहा महिने फक्त ओठ मिटून गुणगुणायला सांगितलं. नेमकं त्याच हिवाळ्यात आमच्या संस्थेवरचे एक पुढारी, सगळे त्यांना आबा म्हणत, त्यांचा शाळेत सत्कार होता. मांडव, माईक, पाच-सातशे माणसं. आबांनी व्यासपीठावरूनच फर्मावलं, "त्या दत्त्याचं गाणं होऊ द्या."

गडदे सर उठून उभे राहिले. "आबा, त्याचा आवाज फुटतोय. आज न्हाई."

"सर, एक गाणं म्हणल्यानं पोरगं मरतंय का काय?" मांडव हसला.

"पोरगं मरत न्हाई आबा. आवाज मरतो. तो मग येत न्हाई माघारी."

आबांचा चेहरा बदलला. "मंग तुमीच म्हणा की. मास्तर हाव ना गाण्याचे?"

आणि सर माईकपाशी गेले. जो आवाज ते वर्षातून एकदा चार भिंतींच्या आत काढत, तो त्यांनी त्या मांडवात काढला. दोन ओळी. पहिल्या ओळीला भेग आली तेव्हा लोक गप्प झाले, दुसऱ्या ओळीला हसले. मागून कुणीतरी शिट्टीही मारली. सरांनी दुसरी ओळ पूर्ण केली, आबांना नमस्कार केला आणि येऊन दत्ताच्या शेजारी बसले. पुढच्या वर्षी वेळापत्रकातले संगीताचे दोन तास जाऊन एक झाला. सर त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी मात्र त्या दिवशी घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं की शुभदाला यांच्याकडे घालायची. ती तेव्हा पाचवीत होती.

चार वर्षं तिचं गाणं त्यांनी कुंभार ओलं मडकं सांभाळतो तसं सांभाळलं. सहावीत तिने सिनेमातलं एक उंच पट्टीतलं गाणं मैत्रिणींपुढे म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी "हजर" ऐकून तिला आठवडाभर पाटी गळ्यात घालायला लावली. तिला राग आला नाही, उलट ऐट वाटायची. घरी जेवताना पाटीवर लिहायची, "आमटीत मीठ कमी." बाकीची मुलं एकेक करून गळत होती. दसरा झाला की निम्मी आईबापांबरोबर उसाच्या तोडीला जायची आणि पाडव्याला परत यायची ती आवाज विसरून, धूर आणि धूळ घेऊन. मुलींची लग्नं व्हायची. शुभदा शिक्षिकेची मुलगी म्हणून टिकली.

नववीच्या श्रावणात तिला सर्दी झाली. सर्दी गेली, पण मला तिच्या बोलण्यात बारीक खरखर वाटत राहिली. सकाळी जास्त. जानेवारीत औरंगाबादला आंतरशालेय गायन स्पर्धा होती आणि आमच्या शाळेतून कुणी तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ. सरांनी सराव वाढवला होता. शनिवार, रविवारही. आणि माझ्या लक्षात आलं की सोमवारची पाटी तिच्या गळ्यात दिसत नाही. मी स्टाफरूममध्ये सरांना म्हटलं, "सर, शुभदाचा आवाज जरा बसल्यासारखा नाही वाटत?"

ते चहा पीत होते. हसून म्हणाले, "बाई, तुमी इंग्रजी बघा. घसा मी बघतो."

मी निर्धास्त झाले. दिवाळीत पुन्हा वाटलं, पण पुन्हा विचारलं नाही. ज्या माणसाने पाचशे माणसांपुढे स्वतःची चेष्टा करून घेतली आणि दुसऱ्याच्या पोराचा गळा वाचवला, त्याला मी कशाला शिकवू?

डिसेंबरात गॅदरिंग झालं. मुलींचा कबड्डीचा अंतिम सामना शेवटच्या मिनिटापर्यंत गेला आणि सगळ्या शाळेबरोबर तुमची आईही ओरडली. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज घोगरा होता. दोन दिवसांत थोडा सुधारला. तीन आठवड्यांनी स्पर्धा.

औरंगाबादच्या त्या सभागृहात मी चौथ्या रांगेत होते. पहिल्या दोन ओळी तिने अशा म्हटल्या की शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात धरला. तिसऱ्या ओळीत वरच्या 'सा'ला जायचं होतं. तुमच्या आईचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. सरांची पेटी एकटीच वर जाऊन खाली आली. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग ती हात जोडून उठली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून होती. सर समोरच्या बाकावर, मांडीवर घोंगडीतली पेटी. मांजरसुंब्याच्या घाटात शुभदाने विचारलं, "सर, असं का झालं?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "मॅचला वरडलीस न्हवं? मी कवाधरनं सांगतोय. ऐकलं असतंस तर हे झालं नसतं."

सोमवारी वर्गातही त्यांनी हेच सगळ्यांपुढे सांगितलं. एका दिवसाच्या ओरडण्याने चार वर्षं गेली, बघा, लक्षात ठेवा. तुमची आई मान खाली घालून उभी होती. त्या दिवशी तिने घरी पाटी मागून घेतली आणि स्वतःच गळ्यात घातली.

आवाज येईना म्हणून आठ दिवसांनी आम्ही तिला पुन्हा औरंगाबादला नेलं, घशाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतू म्हणजे दोन नाजूक पडदे असतात, ते एकमेकांवर आपटून आवाज निघतो. त्या दोन्हींवर, अगदी समोरासमोर, बारीक गाठी होत्या. "चप्पल घासून पायाला घट्टे पडतात ना, तसंच," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन नको. पूर्ण विश्रांती, मग बोलण्याचे व्यायाम. मुलगी पुन्हा गाईल. पण हिला इतके महिने गाऊ कसं दिलंत?"

मी म्हटलं, "महिने नाही, डॉक्टर. महिन्यापूर्वी एका सामन्याला ओरडली होती."

"एका सामन्याने असे घट्टे पडत नाहीत हो. हे चार-पाच महिन्यांचं आहे. आधी सर्दी वगैरे झाली होती का?"

शुभदा बाहेर तुमच्या आजोबांजवळ बसली होती. तिने हे ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी संगीताच्या खोलीत गेले, तिची गाण्याची वही आणायला. सर तासाला वरच्या मजल्यावर होते. पेटी उघडी होती. मी जवळून पाहिली ती आयुष्यात पहिल्यांदा. मुलं समोर बसत, त्यांना पेटीची पाठ दिसे. चाव्या फक्त सरांना दिसत. लाल टिकली काळी पाचवर नव्हती. काळी पाचवर तिचा गोंदाचा गोल डाग होता. शेजारच्या खालच्या पांढऱ्या चावीवर दुसरा डाग. तिच्या खालच्या काळीवर तिसरा. आणि त्याच्या खालच्या पांढरीवर लाल टिकली. श्रावणापासून जानेवारीपर्यंत तीनदा त्यांनी तिची पट्टी उतरवली होती, दर वेळी अर्ध्या स्वराने, तिला कळू नये इतकी. वर चढताना तिला त्रास होतोय हे ऐकल्याशिवाय कुणी असं करत नाही. आणि एकदाही तिला उभं करून सांगितलं नव्हतं.

मी तिथल्या स्टुलावर बसले. वरच्या मजल्यावरून मुलांचा आवाज येत होता, आणि मध्येच सरांच्या काठीची टकटक.

माझी चूक इथे सुरू होते, तीही क्रमाने सांगायला हवी. मी वर्गशिक्षिका म्हणून आयुष्यभर एक नियम पाळला होता: काच कुणी फोडली ते मला माहीत असलं तरी मी नाव घेणार नाही, ज्याने फोडली तो स्वतः उभा राहील. पोरं उभी राहत. उशिरा का होईना, राहत. मला वाटलं सरही राहतील. मी रोज त्यांच्याकडे बघायची. ते नमस्कार करून बाजूने जात. आठवडे गेले, वार्षिक परीक्षा आली, आणि मग आमची बदली बीडला झाली. शुभदाला मी एवढंच म्हटलं की ओरडल्याने झालेलं नाही. ती म्हणाली, "आई, तू माझी बाजू घेतेस. सरांचा कान चुकतो का कधी?" यावर मला जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. तिच्याकडे त्या वेळी आवाज नव्हता. सरही काढून घ्यायचे?

सहा महिन्यांत गाठी गेल्या. डॉक्टर म्हणाले, गा. ती गायली नाही. दर गुरुपौर्णिमेला तिने सरांना पत्र लिहिलं, पुढे लग्न होऊन टोरांटोला गेल्यावर ग्रीटिंग कार्डं पाठवली. मी एक कार्ड पाहिलं होतं. "तुम्ही एवढं जपलंत आणि मी घालवलं." बावीस वर्षं ही ओळ. सरांनी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

फेब्रुवारीत तिला कुणाकडून तरी कळलं की सर आजारी आहेत. तिने मला फोन केला. "आई, तू जाऊन ये. मला बोलायचंय त्यांच्याशी. एकदाच." मी लिंबागणेशपर्यंत बसने गेले, तिथून रिक्षाने वस्तीवर. सर अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते. खूप वाळले होते. सुनेने चहा ठेवला आणि ती शेरडांना पाणी दाखवायला गेली.

तब्येतीचं बोलून झालं. मग मी विचारलं, "सर, शुभदाचा आवाज बिघडलाय हे तुम्हाला कधी कळलं?"

मला वाटलं होतं ते सामन्याचं नाव घेतील. त्यांनी कप खाली ठेवला. "सर्दी उतरली त्याच्या दुसऱ्या दिशी. ती 'हजर' म्हणली, तवाच."

"मग?"

"गप बसवली असती तर चार महिने गेले असते. स्पर्धा गेली असती. म्होरल्या साली धावी. तुमी धावीला गाऊ दिलं असतं का बाई तिला?"

मी गाऊ दिलं नसतं.

"एकोणीस वर्सं," ते म्हणाले. "दसरा झाला की माझी पोरं तोडीला. तुमची एकटी राहिलती पुरी चार वर्सं. मला वाटलं, येवढी एक येळ निघून जाईल. एकदा मोठ्या ठिकाणी तिनं गावं, मी पेटीवर बसावं. मंग बसवीन तिला गप, वर्सभर बसवीन. म्हणून पट्टी उतरवीत गेलो."

"आणि कबड्डी?"

"तिनं इचारलं. तोंडातून निघून गेलं. मंग माघारी घेता आलं न्हाई."

"आता घ्या," मी म्हटलं, आणि फोन लावला. तिकडे सकाळ होती. तुम्ही दोघं उठला नव्हतात, आई तुमचे डबे भरत होती. स्क्रीनवर सर दिसताच तिने हातातलं सगळं खाली ठेवलं. सरांनी फोन दोन्ही हातांत धरला. एकदा माझ्याकडे पाहिलं. "माय," ते म्हणाले, "मला तुला एक सांगायचंय."

"सर, आधी मी," तुमची आई म्हणाली. "मला समोर बोलायचं धाडसच झालं नाही कधी. मी त्या दिवशी ओरडले नसते तर... तुम्ही एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीत. बरोबरच आहे तुमचं. पण सर, आता तरी मला माफ केलंत का?"

मी वाट पाहिली. मला समोर बाज दिसत होती, फोन धरलेले ते दोन हात दिसत होते. तो माणूस आता उभा राहील, असं मला अगदी शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं.

"केलं माय," सर म्हणाले. "कवाच केलं. ल्हान हुतीस तू."

ती रडायला लागली. "थँक्यू सर," म्हणाली, दोनदा. आशीर्वाद द्या म्हणाली. सरांनी उजवा हात फोनसमोर उचलला. मी फोन घेतला तेव्हा ती मोकळी होऊन रडत होती. "नंतर बोलते," एवढं म्हणून मी तो बंद केला.

शुभदा, हे मुलांच्या आधी तू वाचशील हे मला माहीत आहे. तू काहीही केलेलं नव्हतंस. तुला माफी मागायचं कारण नव्हतं आणि त्यांना ती द्यायचा अधिकार नव्हता. हे मी तुला तू चौदा वर्षांची असताना, त्या पेटीपाशी नेऊन दाखवायला हवं होतं.

मी चपला घातल्या. "बाई, चहा राहिला," सर हळू आवाजात म्हणाले. मी मागे वळले नाही. रिक्षा निघाली, वस्तीच्या कडेला वळण घेतलं, तेव्हा नको असताना नजर गेली. ते तसेच बाजेवर बसले होते. समोर कुणी नव्हतं, आणि आशीर्वादाला उचललेला हात अजून खाली आला नव्हता.